काथ्याची टांगती बास्केट: दोन उन्हाळे वापरून

तारेची अर्धगोल बास्केट, आत काथ्याचं अस्तर, वर तीन साखळ्या. दुकानात बघताक्षणी भुलले आणि एक 10 इंची, एक 14 इंची अशा दोन उचलून आणल्या.

देखण्या आहेत, वाद नाही. पण पाण्याच्या बाबतीत चाळणच! ओल काथ्यातून चहूबाजूंनी उडते, आणि टांगलेली असल्यामुळे वाराही सगळीकडून झोंबतो. पहिल्या उन्हाळ्यात 10 इंचीत लोंबत्या पिटुनियाची तीन रोपं लावली. सकाळी पाणी घालून कामाला जायचे, संध्याकाळी बघावं तर सगळ्यांनी माना टाकलेल्या. वरून पाणी ओतलं की आक्रसलेल्या मातीच्या कडेने सरळ खाली, माझ्या पायांवर. शेवटी अख्खी बास्केट बादलीत बसवायची, बुडबुडे थांबेपर्यंत. हे रोज कोण करणार? (लोंबत्या पिटुनियातली ती प्रसिद्ध सर्फिनिया सन्टोरी या पेयं बनवणाऱ्या जपानी कंपनीने काढली. तहान तिथूनच आली असावी.)

मग हिशेब केला. पूर्ण अर्धगोल धरला तर 10 इंचीत साधारण सव्वाचार लिटर माती बसते, 14 इंचीत पावणेबारा. चार इंचांत पावणेतीनपट फरक! म्हणून दुसऱ्या वर्षी पिटुनिया मोठीत हलवली. काथ्याच्या आतून खताच्या रिकाम्या पिशवीचं प्लास्टिक लावलं, तळाला पाच-सहा भोकं पाडली. आता सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत पुरतं, फक्त अगदी कडक उन्हात दोनदा घालते.

खताबद्दल विक्रेत्याने सांगितलं होतं, महिन्यातून एकदा पुरे. अजिबात नाही. रोजच्या पाण्याबरोबर खत वाहून जातं. मी पालाश (पोटॅश) जास्त असलेलं पातळ खत अर्ध्या मात्रेत दर आठवड्याला देते. लावताना शेंडे खुडले आणि मधे वेली उघड्याबोडक्या दिसायला लागल्या तेव्हा जीव घट्ट करून अर्ध्यावर कापल्या. काही दिवस बास्केट भादरल्यासारखी दिसली, मग कडेने फुटवे आले आणि फुलंही.

कॅलिब्राकोआ, म्हणजे पिटुनियासारखाच पण लहान फुलांचा, शेजारी लावला होता. त्याची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. पाणी जड, त्यामुळे मातीतलं लोह त्याला मिळेना. चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं) दिल्यावर नवी पानं हिरवी आली, पण लाड फार. पुन्हा लावणार नाही.

धाकट्या बास्केटीत आता ऑफिस टाईम (पोर्टुलाका) आहे. जाड पानांत पाणी साठवतो, एखादा दिवस विसरलं तरी कुरकुर नाही. फुलं मात्र दुपारनंतर मिटतात, म्हणजे कामावरून यायच्या आत. त्यामुळे मला ती फक्त रविवारी दिसतात.

घेणार असाल तर 14 इंचीच घ्या, आणि सोबत आलेला हुक वापरू नका. भिजलेली बास्केट दहा किलोच्या आसपास भरते. माझा हुक पहिल्याच आठवड्यात सरळ व्हायला लागला होता.