हाय रेंज कॉपर चेकर: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः त्याच्या पाकिटांबद्दल

कॉपर चेकर म्हणजे माशांच्या उपचारासाठी खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये घातलेलं कॉपर (तांबं) मोजणारं छोटं यंत्र. दर तपासणीला पाण्याच्या नमुन्यात एक पाकीट रिएजंट, म्हणजे रंग आणणारी पावडर, टाकावी लागते. विक्रेत्याने या वेळी पाठवलेल्या रिएजंट पाकिटांची मुदत संपायला जेमतेम महिना उरला होता. तक्रार केली तर उत्तर आलं, "साहेब, पावडर आहे, ती कुठे खराब होते?" पाकिटं बदलून दिली नाहीत आणि पैसेही परत केले नाहीत. चेकर एकदाच घ्यायचा असतो, पाकिटं कायमची घ्यावी लागतात. म्हणून हा अनुभव लिहितोय.

क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे आपला मरीन व्हाइट स्पॉट हा परजीवी, माशाच्या कातडीत रुतलेला असताना कॉपरला दाद देत नाही. तळाशी गाठ बांधून बसला की तेव्हाही देत नाही. मरतो तो फक्त गाठ फुटून नवा मासा शोधत पोहणारा. गाठी वेगवेगळ्या दिवशी फुटतात, म्हणून किलेटेड कॉपर (दुसऱ्या रेणूला बांधलेलं, पाण्यात टिकून राहणारं) सलग 30 दिवस 2.0 पीपीएमच्या (दहा लाखांत दोन भाग) खाली जाता कामा नये. रंग जुळवायच्या किटमध्ये ट्यूबलाइटखाली 1.5 आणि 2.0 मधला फरक कळत नाही. लो रेंज मॉडेल घेऊ नका, किलेटेड कॉपरची पातळी त्याच्या आवाक्याबाहेर जाते.

चेकरची अचूकता ±0.05 पीपीएम, अधिक रीडिंगच्या 5 टक्के. याचा अर्थ, पडद्यावर 2.00 असेल तर टँकमध्ये 1.85 सुद्धा असू शकतं. मी 2.25 धरतो. सगळी चूक विरुद्ध बाजूला गेली तरी 2.09 उरतं, आणि वरच्या बाजूला 2.41, जे बहुतेक मासे सोसतात. तिथवर तीन-चार दिवसांत हळूहळू चढायचं.

आता पाकीट. पावडर शिवणीत अडकते आणि रीडिंग कमी येतं. ते खरं मानून कॉपर वाढवलं की मासा खाणं सोडतो, धापा टाकतो. पाकीट उभं धरून टिचकी मारा, एक बाजू पूर्ण कापा, तोंड चिमटीत धरून चोच करा आणि रिकामं झाल्यावर पुन्हा टिचकी मारा. पावडर टाकल्यावर नमुन्याची काचेची बाटली जोरात हलवली तर बुडबुडे काचेला चिकटतात, म्हणून गोल फिरवा. झिरो करण्याआधी (पावडर न टाकलेल्या नमुन्यावर यंत्र शून्याला आणताना) आणि रीडिंगआधी, दोन्ही वेळा काच मऊ कापडाने पुसा. 10 मिलीची खूण दोन्ही वेळा एकाच दिशेला ठेवा. मग बटण दाबून धरा आणि 45 सेकंदांचा टायमर संपू द्या.

अपडेट: वरचा राग थोडा कमी करतोय. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून 1000 पीपीएमचं कॉपर स्टँडर्ड आणलं. त्यातलं 1 मिली आरओच्या पाण्यात घालून एकूण 500 मिली केलं की बरोबर 2.00 पीपीएम होतं (त्यात नायट्रिक ॲसिड असतं, हातमोजे घाला). मुदत संपत आलेली पण कोरडी पाकिटं मर्यादेत बसली. कमी दाखवलं ते आत गुठळी झालेल्यांनी. म्हणजे खरा शत्रू तारखेपेक्षा दमट हवा आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पाकिटं सिलिका जेल टाकून घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा. तरीही इतकी कमी मुदत उरलेला माल पूर्ण किमतीला विकणं मला मान्य नाही.

पाकिटांच्या खर्चामुळे रोजची तपासणीही सोडली. डोस चढवताना रोज, नंतर दोन दिवसांआड आणि प्रत्येक पाणीबदलानंतर. हे फक्त काच आणि पीव्हीसी पाइप असलेल्या रिकाम्या क्वारंटाइन टँकला लागू आहे. लाइव्ह रॉक (सूक्ष्मजीव असलेला समुद्री दगड) किंवा कोरल सँड असेल तर ती कॉपर शोषते आणि हिशेबच लागत नाही. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा. 40 लिटरमधलं 10 लिटर पाणी कॉपर न घालता बदललं तर 2.25 चं 1.69 होतं आणि 30 दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. नव्या पाण्यात आधीच तेवढंच कॉपर मिसळा. बाष्पीभवनाची भर मात्र साध्या आरओने, कारण कॉपर उडून जात नाही. तपासणीचा नमुना टँकची पातळी पूर्ण भरल्यावरच घ्या.

आकडा बरोबर असूनही मासे मरतात, तेव्हा बहुधा निदान चुकलेलं असतं. मिठाच्या कणांसारखे सुटे ठिपके म्हणजे व्हाइट स्पॉट. बारीक भुकटी, जलद श्वास, उजेड टाळणं आणि पॉवरहेडच्या (पाणी ढकलणाऱ्या पंपाच्या) प्रवाहात उभं राहणं ही व्हेल्व्हेट या दुसऱ्या परजीवीची लक्षणं. तो काही दिवसांत मारतो, पण कॉपर त्यावरही चालतं. क्लाउनफिशच्या अंगावरून चिकट साल सुटत असेल तर ब्रुकलिनेला, क्रोमिस माशाच्या कुशीवर लाल जखम असेल तर युरोनेमा, हेही परजीवीच. या दोघांवर कॉपर वाया जातं. फ्लूक या चपट्या परजीवी कृमींवरही. फ्लूकचा संशय असेल तर तापमान आणि पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात एअरस्टोन लावून पाच मिनिटं मासा ठेवा. पांढुरक्या चकत्या तळाला पडल्या तर प्राझिक्वांटेल हे कृमींचं औषध, लिटरला सुमारे 2 मिग्रॅ, आणि साधारण आठवड्याने दुसरा डोस. तेव्हा पाण्यातला ऑक्सिजन घटतो, हवा वाढवा.

चेकर घ्याच. सोबत दोन जादा काचेच्या बाटल्या घ्या, कारण ओरखडा पडलेली बाटली चुकीचं रीडिंग देते. आणि पैसे देण्याआधी पाकिटांवरच्या मुदतीचा फोटो मागवा.