लॉबिंगसाठी माणूस नेमताना: छातीठोक बोलणारा की टक्केवारीत बोलणारा?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादर कारखानदारांनी वीज सवलत किंवा जीएसटीच्या प्रश्नावर मुंबई-दिल्लीत सरकारदरबारी पाठपुराव्यासाठी, म्हणजे लॉबिंगसाठी, माणूस नेमायचं ठरवलं, की समोर दोन तऱ्हेचे लोक येतात. एक म्हणतो, "काम झालंच समजा, मंत्रालयात सगळे आपलेच." दुसरा म्हणतो, "या अधिवेशनात अवघड आहे. अर्थसंकल्पापर्यंत चाळीस टक्के शक्यता धरा."

बैठकीत छाप पहिल्याचीच पडते. मंत्र्यांची वेळ घेणं, शिष्टमंडळ आत नेणं, निवेदन नेमक्या टेबलावर पोचवणं यात तो खरोखर सरस असतो. पण आत जाता येणं वेगळं आणि निर्णय फिरवता येणं वेगळं. तो मुद्दाम थापा मारतो असंही नाही. त्याचा स्वतःवर मनापासून विश्वास असतो. काम झालं की श्रेय आपल्या ओळखीचं, फसलं की "आचारसंहिता लागली", "सचिव बदलले". मग स्वतःची कुवत कळणार कशी? डनिंग आणि क्रुगर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलेल्या अभ्यासात विनोद, व्याकरण आणि तर्काच्या चाचण्यांत तळाला राहिलेले विद्यार्थी शंभरात सरासरी १२ जणांच्या पुढे होते, पण स्वतःला ६२ जणांच्या पुढे समजत होते.

दोघांनाही एकच प्रश्न विचारा: कापडावरचा जीएसटी ५ वरून १२ टक्के होणार होता, तो ३१ डिसेंबर २०२१ च्या जीएसटी परिषदेत पुढे ढकलला गेला, त्यात तुमचा वाटा किती? सुरतपासून दिल्लीपर्यंतचे व्यापारी विरोधात होते, अनेक राज्यांनीही विरोध नोंदवला होता. "आम्हीच थांबवलं" असं उत्तर आलं तर सावध व्हा. कोणत्या अधिकाऱ्याला कोणती आकडेवारी दिली आणि ती कुठे वापरली गेली, एवढंच जो सांगेल त्याचं मोजमाप जागेवर आहे.

अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिस्टना नोंदणी आणि खर्चाचे अहवाल बंधनकारक आहेत. आपल्याकडे तसा कायदा नाही, त्यामुळे वही आपणच ठेवायची. प्रत्येक कामाआधी शक्यता टक्क्यांत लिहून घ्या. काम झालं तर १, नाही तर ०; अंदाज दशांशात धरून (नव्वद टक्के म्हणजे ०.९) त्यातला आणि या आकड्यातला फरक काढा, त्याचा वर्ग करा आणि सगळ्या कामांची सरासरी काढा. याला ब्रायर गुणांक म्हणतात, तो जितका कमी तितका अंदाज चांगला. समजा दहापैकी चार कामं झाली. दर वेळी नव्वद टक्के म्हणणाऱ्याचा गुणांक ०.४९ येतो, चाळीस म्हणणाऱ्याचा ०.२४. कामं तेवढीच झाली, पण दुसऱ्याच्या शब्दावर सुताची खरेदी आणि परदेशी ऑर्डरचे भाव ठरवता येतात. पहिल्याच्या भरवशावर माल भरून ठेवला तर भांडवल अडकतं, व्याज चालू राहतं. आपल्याकडच्या छोट्या कारखान्याला हे झेपत नाही.

मी निवड करायची तर वर्षाचं काम दुसऱ्याला देईन. पहिल्याला भेटी ठरवण्यापुरतं, तेही भेटीमागे मानधन ठरवून. आणि दोघांकडूनही न झालेल्या कामांची यादी आधी मागेन. ती द्यायला जो नकार देईल, त्याच्याशी मानधनाची बोलणीच करणार नाही.