रीजन्सी रोमान्स: बरेच महिने वापरल्यानंतर

मार्च अखेर, ऑफिसात फायलींचा ढीग, आणि फोनवर मेसेज: ई-बुकांचं वर्षाचं सबस्क्रिप्शन आपोआप रिन्यू झालं, पैसे कापले. मी ते बंद केलेलं होतं, त्याचा ईमेलही माझ्याकडे होता. कंपनीच्या चॅटवर तो दाखवला. समोरून तेच उत्तर फिरून फिरून येत राहिलं, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. गैरसोय समजली, परतावा मात्र नाही. मग ठरवलं, पैसे वसूल करायचे. आता त्या ॲपवर सगळ्यात जास्त माल कशाचा, तर रीजन्सी रोमान्सचा, म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या बड्या घरांतल्या प्रेमकथांचा. तोच उपसायला घेतला.

बॉल (नाचाचे समारंभ), ड्यूक (सगळ्यात वरचे उमराव), मलमलीचे झगे, घोडागाड्या आणि सातव्या प्रकरणातला पाऊस हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, ते सांगत बसत नाही. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज वेडा झाला म्हणून त्याच्या मुलाने कारभार हाती घेतला, तो रीजन्सीचा काळ फेब्रुवारी १८११ ते जानेवारी १८२०. जेमतेम नऊ वर्षं. त्या नऊ वर्षांवर जेवढ्या प्रेमकथा लिहून झाल्या आहेत तेवढी लग्नं तरी तेव्हा लंडनच्या बड्या घरांत झाली असतील का, शंकाच आहे.

मी लोकांची रिटर्न्स भरते, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात माझी नजर जिथे जायची तिथे गेली. या कादंबऱ्यांमध्ये माणूस खोलीत शिरला की आधी त्याचं उत्पन्न शिरतं. जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (१८१३) नायक डार्सीसाहेब बॉलमध्ये पाऊल ठेवतात आणि पाच मिनिटांत वर्षाला दहा हजार पौंड ही बातमी हॉलभर होते. आपल्याकडच्या बायोडेटात उंची, रास, गोत्र यांच्यानंतर खाली कुठेतरी पॅकेज येतं, इथे ते सगळ्यात वर. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. डार्सीचा मित्र बिंगली, त्याला वडिलांकडून जवळजवळ एक लाख पौंड आलेत आणि लोक त्याचं उत्पन्न चार-पाच हजार सांगतात. आकडेमोड केली तर बरोबर बसते. तीन टक्क्यांचे सरकारी रोखे नेपोलियनशी चाललेल्या युद्धामुळे साठच्या आसपासच्या भावात मिळत, म्हणजे हातात पाच टक्के. ऑस्टेनबाईंचा ताळेबंद कुठेही हलत नाही.

पण दहा हजारांवर कर किती, हे कोणी का विचारत नाही? तेव्हा इंग्लंडमध्ये आयकर होता. १७९९ मध्ये पहिल्यांदा लागला, १८०३ मध्ये नव्या रूपात आला, १८०६ पासून दहा टक्के, आणि वॉटर्लूच्या लढाईनंतर १८१६ मध्ये रद्द. म्हणजे डार्सी लग्न करतो तेव्हा पूर्ण दराने लागू. शिवाय १८०३ च्या कायद्याने मुळातच कपात सुरू केली होती, अगदी आपल्या टीडीएससारखी. कुळाने कर आधी भरायचा आणि मालकाच्या खंडातून तेवढा वळता करून घ्यायचा. वर नोकरांवर कर, गाड्यांवर कर, केसांना पावडर लावायची तर वर्षाला एक गिनी, म्हणजे पौंडाहून थोडी जास्त. ज्या नायकाच्या दारात वीस फुटमन उभे आहेत त्याला दर वर्षी काय बिल येत असेल! मी वाचलेल्या ढिगातल्या एकाही नायकाला करापायी झोप लागली नाही असं झालं नाही. झोप लागत नाही ती फक्त नायिकेच्या मानेवरच्या बटेमुळे.

गंमत सोडा, पण मी या पुस्तकांना धरून राहिले ती या हिशेबामुळेच. शेवट ठरलेला असतो. पहिल्या पानापासून माहीत असतं की हिचं याच्याशीच लागणार. मग रात्री एक वाजता उजेड कमी करून आपण वाचतो काय? अटी वाचतो. त्या काळात लग्न झालं की बाईची जंगम मालमत्ता सरळ नवऱ्याची. स्त्रीधन नावाची गोष्ट त्यांच्या कायद्यात नव्हती, विवाहित बाईला स्वतःची मालमत्ता नीट मिळायला १८८२ उजाडलं. लग्नाआधी वकिलाकडून करारनामा करून, विश्वस्त नेमून जे बांधून घेतलं तेवढंच खरं: हातखर्च किती, विधवा झाल्यावर किती, धाकट्या मुलांना किती. घटस्फोट हवा तर पार्लमेंटकडून स्वतःपुरता वेगळा कायदा पास करून घ्यायचा. म्हणजे सही केली की सुटका नाही. अशा सौद्यात उभी राहून एखादी मुलगी दहा हजारवाल्याला तोंडावर नाही म्हणते तेव्हा त्या नकाराला वजन येतं. आजच्या प्रेमकथेत नाही म्हणायला लागतंच काय? ब्लॉक केलं की झालं. तिथे ती एक वाक्य बोलते आणि आई, चार बहिणी, डोक्यावरचं छप्पर, सगळं त्या वाक्यावर लटकलेलं असतं.

'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चं दुसरं प्रकरण मी फोनवर माझ्या ज्युनिअरला वाचून दाखवलं. मरताना बापाने मुलाकडून वचन घेतलंय, सावत्र आईला आणि बहिणींना सांभाळ. मुलगा मनात तीन हजार पौंड ठरवतो. बायको बसते समोर. तीनचे दीड होतात, मग एकरकमी नको, वर्षासन देऊ, मग वर्षासनही नको कारण वर्षासन लागलं की माणसं मरतच नाहीत, मग अधूनमधून पन्नास, आणि शेवटी सामान हलवायला मदत आणि हंगामात मासे पाठवू. चार बायका वर्षाला पाचशे पौंडांवर बाहेर. एकही आवाज चढत नाही. वाटणीच्या केसेस मी पाहिल्या आहेत, इतकं थंड डोक्याने केलेलं काम क्वचित दिसतं.

ऑस्टेन संपली (सहाच पूर्ण कादंबऱ्या, आणि फुकट, कॉपीराइट कधीच संपला, ॲपची गरजच नव्हती हे नंतर लक्षात येऊन पुन्हा चिडचिड). मग जॉर्जेट हेयर. हा प्रकार तिनेच उभा केला, १९३५ च्या 'रीजन्सी बक'पासून. ऑस्टेन स्वतःच्या काळाबद्दल लिहीत होती, हेयर सव्वाशे वर्षांनंतर टिपणं काढून, गाड्यांचे प्रकार आणि टायच्या गाठी पाठ करून. सुरुवातीला जड गेली. दर पानाला तेव्हाच्या बोलीतले दहा शब्द. नंतर सवय झाली आणि हसू यायला लागलं. आल्मॅक्सचं सांगते. लंडनमधला तो क्लब, दर बुधवारी बॉल, प्रवेशपत्र मिळणं पाच-सात उमराव बायकांच्या मर्जीवर, ते नाकारलं तर मुलीचा लग्नाचा हंगाम संपला. आणि आत गेल्यावर खायला? पातळ पाव-लोणी आणि लिंबूपाणी. एवढे श्रीमंत लोक. आपल्याकडे मुलगी बघायला गेल्यावरसुद्धा पोह्यांवर खोबरं असतं.

हेयरची 'अ सिव्हिल काँट्रॅक्ट' (१९६१) वाचली आणि मी ॲपला अर्धी माफी दिली. शेवट कळू द्यायचा नसेल तर हा परिच्छेद सोडा. बाप कर्ज करून मेला, घराणं बुडायला आलं, म्हणून तरुण उमराव, व्हायकाउंट अ‍ॅडम, आपलं प्रेम बाजूला ठेवून शहरातल्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या मुलीशी, जेनीशी लग्न करतो. जेनी दिसायला साधी. सासरा दिलदार पण प्रत्येक वस्तूची किंमत सांगणारा. वॉटर्लूच्या आधी लंडनमध्ये घबराट, रोख्यांचे भाव कोसळले, सासरा म्हणतो विका. अ‍ॅडम इंग्रज सेनापती वेलिंग्टनच्या हाताखाली लढलेला, तो उलट खरेदी करतो, आणि त्या एका खरेदीत सासऱ्याच्या उपकारातून मोकळा होतो. प्रेमकथेचा कळस शेअर बाजारात! आणि तरी शेवटी जिंकते ती जेनी, जिने गुपचूप त्याचं घर चालतं ठेवलं. शेवट रोमँटिक नाही अशी तक्रार करणारे खूप भेटतील. मला तो शेवट या सगळ्या ढिगात सगळ्यात जास्त पटला.

मग नव्या कादंबऱ्यांकडे वळले आणि रेटिंगचे तारे घसरले. पहिली तक्रार ड्यूकांची. त्या काळात राजघराण्याबाहेरचे ड्यूक इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड मिळून पंचवीसच्या आसपास, त्यात म्हातारे, विवाहित आणि संधिवातवाले वजा करा. ॲपवर मात्र एका पानावर स्क्रोल केलं तरी त्याहून जास्त ड्यूक, सगळे तिशीतले, सगळे जखमी मनाचे, सगळ्यांना पोट सपाट. दुसरी तक्रार माझीच, पण तीच मोठी: हिशेब गायब. उत्पन्न किती ते नाही, करारनामा नाही, कर्ज असलंच तर प्रकरण तीनमध्ये उल्लेख आणि प्रकरण अठराला आपोआप फिटलेलं. कोणी फेडलं, कशातून? पैसा झाकला की उरतो तो नुसता झगा. (मुखपृष्ठांबद्दल एवढंच, की लोकलच्या लेडीज डब्यात फोनचा फॉन्ट मोठा ठेवून वाचताना शेजारच्या काकूंनी ते पाहिलं आणि विषय बदलून भाजीचे भाव काढले.)

इथवर माझं मत पक्कं होतं: जुनं ते सोनं, नवं ते रोल्डगोल्ड. मग जुन्यांच्याच वहीत एक रकाना कोरा दिसला आणि गाडी अडली. उत्पन्न लिहिलंय, उत्पन्नाचा स्रोत कुठे आहे?

जमिनीचा खंड, ठीक. पण बाकी? ऑस्टेनच्या 'मॅन्सफील्ड पार्क'मध्ये (१८१४) मालक वेस्ट इंडीजमधल्या अँटिग्वाला जातो, तिथली मालमत्ता नीट करायला. तिथली मालमत्ता म्हणजे गुलामांकडून करवून घेतलेली साखर. गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद झाला, गुलामी नाही. आणि दुसरा स्रोत तर आपलं घर. हेयरच्या 'ब्लॅक शीप'चा नायक भारतातून गबर होऊन इंग्लंडमधल्या बाथ शहरात येतो. कसा गबर झाला हे विनोदात निघून जातं. ज्या वेलिंग्टनच्या नावाने या नायिका उसासे टाकतात, तो १८०३ च्या सप्टेंबरात आपल्या जालन्याकडच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढत होता, ड्यूक व्हायच्या खूप आधी. खुद्द रीजन्सीची वर्षं मोजा. नोव्हेंबर १८१७, खडकी. जानेवारी १८१८, कोरेगाव. जून १८१८, दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रज अधिकारी माल्कमपुढे शरणागती पत्करली. त्या युद्धातल्या लुटीच्या वाटणीवरून, डेक्कन प्राइझ मनीवरून, इंग्लंडात पुढे वर्षानुवर्षं भांडणं चालली. नायिकेच्या अंगावरची मलमल आणि खांद्यावरची काश्मिरी शाल कुठून आली ते वेगळं सांगायला नको.

बाजीरावांना कानपूरजवळच्या ब्रह्मावर्ताला बसवून इंग्रजांनी पेन्शन दिलं वर्षाला आठ लाख रुपये. तेव्हा पौंडाला आठ-दहा रुपये धरले तर होतात आठ-दहा डार्सी. हे गणित मी रात्री केलं आणि बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

गंमत अशी, की नंतर नव्या पुस्तकांकडे परत गेले तर ती थोडी सुधारलेली वाटली. म्हणजे ती तीच होती, मी प्रश्न बदलला होता. त्यांच्यात आकडे नाहीत, पण काही जणी तो कोरा रकाना निदान उघडून बघतात: नायक साखरेचा पैसा नाकारतो, नायिका स्वतः वृत्तपत्र किंवा जुगारअड्डा चालवते, करारनाम्यावर वकिलाशी स्वतः वाद घालते. ते १८१५ मध्ये घडलं असतं का? बहुतेक नाही. वाचायला मजा येते का? हो. 'ब्रिजर्टन' या वेब मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये तर शर्मा बहिणी येतात, धाकटीला मराठी येते असं थोरली छाती काढून सांगते, आणि त्याच घरात वडील दाक्षिणात्य अप्पा, थोरली हिंदी दीदी, धाकटी बंगाली बॉन. तीन प्रांत एका दिवाणखान्यात. मी हसले, पण मराठी हा शब्द ऐकून रिमोट खाली ठेवून नीट बसले, हेही खरं.

आता तारे. ऑस्टेन पाच, हिशेबासह. हेयर साडेचार, अर्धा 'द ग्रँड सोफी'तल्या ज्यू सावकाराच्या चित्रणाबद्दल कापलाय, ते आज वाचवत नाही. नव्या तीन, त्यातल्या करारनामा असलेल्या साडेतीन. ॲपला एक, तोही शून्य देता येत नाही म्हणून.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी पैसे देऊ नका. ऑस्टेन इंटरनेटवर फुकट आहे, तिथून सुरू करा. हेयरच्या जुन्या पेपरबॅक रद्दीवाल्यांकडे आणि फुटपाथवर मिळतात, भाव करून घ्या. ती १९७४ मध्ये गेली, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट, म्हणजे १ जानेवारी २०३५ पासून भारतात तीही फुकट. तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवली आहे.