नवा म्हणून दिलेला कार्ब्युरेटर माझाच निघाला

आमच्या बोटीचं इंजिन वडिलांच्या काळातलं. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, एकच कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग), मागच्या फळीला लावायचं आउटबोर्ड. गेल्या मोसमात त्याने नवीनच खोड काढली. दोन ओढींत चालू व्हायचं, सावकाश चालवलं तर तासभर काही कुरकुर नाही. पण पूर्ण रेस दिली की चार-पाच मिनिटांत आवाज बसायचा, गचके द्यायचं आणि बंद. जरा थांबून दोरी ओढली की पुन्हा चालू.

मिस्त्रीने झाकण काढलं, कार्ब्युरेटरवर पेचकस टकटक वाजवला आणि म्हणाला, "साहेब, हा संपला. आतून खाल्लाय. साफ करून उपयोग नाही, नवाच टाकावा लागेल."

मला ते पटलं, कारण त्यात अर्धं खरं होतं. टाकीत कित्येक महिने तेच पेट्रोल पडून होतं. असं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेल्या फ्लोटच्या वाटीत सुकलं की तपकिरी, चिकट थर धरतो आणि जेटची, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्यांची, बारीक भोकं बुजतात. पण जेट बुजलेल्या इंजिनाची लक्षणं वेगळी असतात. कमी रेसचा जेट बुजला की चोक (हवा कमी करणारी खुंटी) ओढलेला असेपर्यंत इंजिन चालतं आणि चोक ढकलला की मरतं. मुख्य जेट बुजला की रेस वाढवल्या वाढवल्या दम तोडतं, पाच मिनिटं जोरात पळत नाही. वाटीत येणारं पेट्रोल रोखणारी फ्लोटची सुई उघडी अडकली तर पेट्रोल बाहेर वाहायला लागतं. माझ्या इंजिनात यातलं काहीच नव्हतं. हे मला माहीत होतं, तरी मी तोंड उघडलं नाही, याचं अजून वाईट वाटतं.

आठ दिवसांनी त्याने करड्या रंगाचा, लखलखीत कार्ब्युरेटर बसवून दिला. जुना मागितला तर म्हणाला, भंगारात गेला. नव्या कार्ब्युरेटरचे पूर्ण पैसे मी मोजले. चिठ्ठीवर मात्र फक्त "कार्ब्युरेटर काम" एवढंच होतं.

पुढच्याच फेरीला बायको आणि मुलगी बरोबर होत्या. इंजिन तसंच बसलं, तेही वारा खडकांकडे ढकलत असताना. नांगर टाकला, तो दोनदा घसरला आणि तिसऱ्यांदा धरला. मुलगी माझ्याकडे बघत होती आणि मी दोरी ओढत होतो. पैशांचं दुःख कधीतरी विसरेन, ती पाच मिनिटं विसरणार नाही.

मिस्त्रीकडे गेलो तर तो म्हणाला, "मग कॉम्प्रेशन गेलं असणार. इंजिनच बदला साहेब. हे मी भंगाराच्या भावात घेतो." कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब, तो मोजायचं गेज त्याने लावलं नव्हतं, प्लगही काढून बघितले नव्हते. तिथे माझे डोळे उघडले.

एका मित्राचं गेज आणलं. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं आलं. दोहोंत 10-15 टक्क्यांहून जास्त फरक असता तर काळजीचं होतं. ठिणगीही चांगली होती. मग बोट धक्क्याला दोन दोरांनी घट्ट बांधली, गिअर टाकून रेस दिली आणि टाकीच्या नळीतल्या रबरी बल्बवर (हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायच्या फुग्यावर) नजर ठेवली. तिसऱ्या मिनिटाला तो बल्ब हळूहळू आत ओढला जाऊन चपटा झाला आणि लगेच इंजिन बसलं. बल्ब चपटा होतो याचा अर्थ इंजिन पेट्रोल ओढतंय, पण टाकीकडून ते येत नाहीये. म्हणजे दोष बल्बच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पूर्ण उघडला, तरी तेच. शेवटी दुसरी छोटी टाकी तिच्या स्वतःच्या नळीसकट जोडली. अर्धा तास पूर्ण रेसवर इंजिन एकदाही अडखळलं नाही.

जुनी नळी उभी चिरली. आतला थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. ओढ वाढली की तो आडवा येऊन वाट बंद करायचा आणि इंजिन थांबलं की मागे सरकायचा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या नळ्यांचं असं होतं. दोष एका हातभर नळीचा होता.

मग तो करडा कार्ब्युरेटर उघडला. वाटीच्या कोपऱ्यात तपकिरी थर तसाच होता. आणि गॅस्केट, म्हणजे वाटीच्या जोडातून गळू नये म्हणून मध्ये घालायचा कागदी तुकडा, माझं होतं. काही वर्षांपूर्वी सुटा भाग मिळेना म्हणून गॅस्केटच्या कागदातून मी ते कात्रीने कापलं होतं, एका स्क्रूचं भोक बाजूला गेलं म्हणून शेजारी दुसरं पाडलं होतं. ती दोन भोकं तशीच समोर. त्याने बाहेरून रंग मारून माझाच कार्ब्युरेटर मला विकला होता. वर मुख्य जेटमध्ये तार घालून खरवडलं होतं. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि पेट्रोल जास्त जातं. प्लग काळे, ओले का होत होते ते तेव्हा कळलं.

गॅस्केट हातात घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो. "पोराच्या हातून अदलाबदल झाली" म्हणाला आणि अर्धे पैसे परत केले. बाकीचे आले नाहीत.

आता मी इंजिन कोणाच्याही हाती देण्याआधी कार्ब्युरेटरवरच्या नंबरचा फोटो काढतो आणि वाटीच्या आतल्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका ठेवतो. जुना भाग हातात आल्याशिवाय पैसे देत नाही. काय बदललं ते चिठ्ठीवर नावानिशी लिहून घेतो. आणि दुसऱ्या टाकीवर चालवून बघितल्याशिवाय कार्ब्युरेटर उघडूच देत नाही.

ज्यांचं पेट्रोल इंजिन बोटीच्या आत, बंद कप्प्यात आहे त्यांनी तर फारच जपा. मोटारीचा कार्ब्युरेटर बोटीचा म्हणून गळ्यात मारणारेही असतात. बोटीच्या कार्ब्युरेटरमधलं उतू गेलेलं पेट्रोल इंजिनाच्या आतच जाईल अशी रचना असते. मोटारीचा ते बाहेर सांडू शकतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते आणि एका ठिणगीत बोट जाते.

तुमच्याकडेही कोणी असा चकचकीत कार्ब्युरेटर नवा म्हणून बसवला असेल, तर इंजिन थंड असताना पेट्रोलची नळी काढा, वाटीचे स्क्रू सोडवा आणि आतले कोपरे बघा. बाहेरचा रंग तिथपर्यंत पोहोचत नाही.