तेरा गुणांसाठी ४,३८,५०० रुपये: बारावीचे मार्क ‘सुधारून’ देणाऱ्यांपासून सावध राहा

नोंदणी २५,०००. बोर्ड फी १,४०,०००. सेंटर मॅनेजमेंट ८५,०००. मायग्रेशन आणि व्हेरिफिकेशन ३८,५००. सीट टोकन १,५०,०००. आमच्या मुलीच्या बारावीच्या गुणांसाठी एजंटने घेतलेले एकूण ४,३८,५०० रुपये. बदल्यात मिळाली एक बनावट गुणपत्रिका. ती वैद्यकीय प्रवेशाच्या कागदपत्र तपासणीत ठेवली असती तर प्रवेश तर गेलाच असता, वर गुन्हा मुलीच्या नावावर चढला असता. दादर ते ठाणे या पट्ट्यात असली दुकानं आजही उघडी आहेत, म्हणून हे लिहायचं.

धंद्याची रीत सगळ्यांना माहीत आहे. निकाल लागला की फोन सुरू होतात. आपला नंबर, मुलाचे मार्क, प्रवर्ग सगळं त्यांच्याकडे आधीच असतं. तो डेटा कुठून फुटतो हे कुणी शोधत नाही.

मुलीचे गुण असे: भौतिकशास्त्र ४१, रसायनशास्त्र ४४, जीवशास्त्र ५२. तिन्ही मिळून ३०० पैकी १३७. खुल्या प्रवर्गाला पीसीबीत, म्हणजे या तीन विषयांत मिळून, ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के ही अट वर्षानुवर्षं चालत आलेली, म्हणजे हवे होते १५०. तेरा कमी. (पात्रतेच्या अटी बदलतात. त्या वर्षीची सीईटी सेलची (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाची) माहितीपुस्तिका स्वतः उघडून वाचा, एजंटच्या तोंडून ऐकू नका.) आम्हाला सांगितलं गेलं की दुसऱ्या एका राज्याच्या मुक्त विद्यालयाची ‘ऑन डिमांड’ (मागाल तेव्हा होणारी) परीक्षा देऊन तीन महिन्यांत पीसीबी ७५ टक्क्यांच्या वर जाईल, सगळं कायदेशीर.

यावर विश्वास ठेवणारे मूर्ख, असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. ऑन डिमांड परीक्षा ही खरी गोष्ट आहे, एनआयओएस हे राष्ट्रीय मुक्त विद्यालय ती घेतं. मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयांचे विद्यार्थी नीटला (वैद्यकीय प्रवेश परीक्षेला) पात्र आहेत, हे मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात स्पष्ट झालं. फोटो आणि शिक्क्यासह हॉल तिकीट आलं. कल्याणच्या पुढे एका क्लासच्या इमारतीत तीन पेपर झाले, प्रश्नपत्रिकेवर मंडळाचं नाव, वर्गात दोन पर्यवेक्षक, शेजारच्या बाकांवर अशीच दुसरी मुलं. एवढा देखावा उभा केल्यावर कुठल्या पालकाला शंका येईल? पैसे देऊन मार्क विकत घ्यायला आम्ही गेलो नव्हतो. फी भरून परीक्षा द्यायला गेलो होतो.

पण गुणपत्रिका हातात आली, त्या क्षणी सगळं तिथेच छापलेलं होतं. भौतिकशास्त्र प्रात्यक्षिक ३० पैकी २८. रसायनशास्त्र २७. जीवशास्त्र २९. प्रात्यक्षिक झालंच नव्हतं! व्हर्नियर कॅलिपर हातात घेतला नाही, ब्युरेट भरला नाही, एक स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली नाही, जर्नलवर सही नाही. आणि वैद्यकीय प्रवेशाच्या पात्रतेत स्पष्ट लिहिलेलं असतं की बारावीच्या परीक्षेत या विषयांची प्रात्यक्षिक परीक्षाही असली पाहिजे. म्हणजे ८४ गुण हवेतून आले, तेही नेमके त्या ठिकाणी जिथे परीक्षकाची सही लागते. शिवाय पेपर झाले ऑगस्टमध्ये आणि उत्तीर्ण महिना छापलेला एप्रिल. विचारल्यावर ‘सत्र तसंच धरतात, आपल्याकडेही जुलैची पुरवणी असतेच ना’ असं उत्तर आलं. निकालाच्या आनंदात प्रात्यक्षिकाचा तो आकडा वाचायचा राहिला, आणि त्या आनंदावरच ही माणसं जगतात. तुमच्या हातात असा कागद असेल तर आधी टक्केवारी बघू नका. प्रात्यक्षिकाचा रकाना आणि उत्तीर्ण महिना बघा.

पडताळणीसाठी त्यांनी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली, त्यावर रोल नंबर टाकला की हीच गुणपत्रिका दिसायची. ते पानही त्यांनीच बनवलेलं. मंडळाचं मूळ संकेतस्थळ आपण शोधून उघडायचं असतं, कुणी पाठवलेल्या लिंकवरून जायचं नसतं. तिथे उत्तर आलं: नोंद सापडली नाही. मंडळ खरं आहे का, हे कोब्से या शालेय मंडळांच्या परिषदेच्या सदस्य मंडळांच्या यादीत बघता येतं. पण आमच्या बाबतीत मंडळ खरं होतं, कागद खोटा होता, त्यामुळे नुसती यादी बघून भागत नाही. डिजिलॉकरमध्ये मंडळाकडून थेट गुणपत्रिका येते का, तेही तपासा.

‘सीट टोकन’ तर निव्वळ लूट. महाराष्ट्रात खासगी वैद्यकीय महाविद्यालयांच्या जागा, संस्थात्मक आणि एनआरआय कोटा धरून, सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून नीटच्या गुणवत्तेनेच भरतात. शुल्क किती, ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. कॅपिटेशन फीवर (प्रवेशासाठी घेतलेल्या देणगीवर) राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. कुठलाही माणूस सीट ‘बुक’ करू शकत नाही. बारावीचे गुण फक्त उंबरठा ओलांडण्यापुरते, गुणवत्ता यादीत नीटच चालते. केईएमच्या जीएस वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नायरला बारावीचे ७८ टक्के दाखवून कुणी आत जात नाही. मग ५० ऐवजी ७५च्या वर नेण्याचे पैसे कशाचे, हा प्रश्न प्रत्येक पालकाने तिथेच टेबलावर विचारावा.

आता तक्रारीचं. पोलिस ठाण्यात पहिलं वाक्य: ‘ही दिवाणी बाब आहे.’ दुसरं: ‘बनावट गुणपत्रिका तुमच्याकडे आहे, गुन्हा तुमच्यावरच दाखल होईल.’ ज्याची फसवणूक झाली त्यालाच धमकी! नुसता अर्ज घेतला, शिक्का मारून प्रत दिली. पावतीवर ‘करिअर समुपदेशन’ लिहिलंय, मग फसवणूक कशी, हा पुढचा सवाल. बँकेत सांगितलं, तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, व्यवहार अधिकृत आहे. ज्या सरकारी कार्यालयात बोगस प्रमाणपत्राची तक्रार द्यायला जावं तिथे उत्तर, ‘परराज्याचं मंडळ, आमचा संबंध नाही.’ परराज्याच्या मंडळाला पाठवलेल्या ईमेलला उत्तरच नाही. प्रत्येक खिडकी पुढच्या खिडकीकडे बोट दाखवते, आणि तेवढ्या वेळात ती माणसं नंबर बदलून नवीन बॅच भरतात. त्याच हॉलमध्ये बसलेल्या बाकीच्या मुलांच्या पालकांनी तोंड उघडलं नाही, कारण त्यांनाही हीच धमकी मिळाली असणार. या गप्प बसण्यावरच हे सगळं चालतं, आणि ही गप्प बसवणारी भीती खिडकीच्या पलीकडून येते, याचा संताप सर्वांत जास्त आहे.

खरा रस्ता किती स्वस्त होता, ते बघा. राज्य मंडळाची गुणपडताळणी विषयाला ५० रुपये, उत्तरपत्रिकेची छायाप्रत ४००, पुनर्मूल्यांकन ३००. पुनर्मूल्यांकनासाठी छायाप्रत आधी घ्यावी लागते आणि ती मिळाल्यावर कामाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो, ही मुदत बहुतेकांची हुकते. तीन विषयांची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मिळून २,१०० रुपये. त्यानंतर श्रेणी/गुणसुधार योजना: सर्व विषय घेऊन उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला लगतच्या तीन परीक्षांची संधी मिळते, त्यात जून-जुलैची पुरवणीही येते. अर्ज आपल्याच कनिष्ठ महाविद्यालयातून. मुंबई विभागीय मंडळ वाशीला आहे.

आणि तेरा गुण म्हणजे किती? विज्ञान विषयांचा लेखी पेपर ७० गुणांचा. अ विभागात बहुपर्यायी आणि एका वाक्यातले मिळून १८. ब मध्ये दोन गुणांचे बारापैकी आठ, क मध्ये तीन गुणांचे बारापैकी आठ, ड मध्ये चार गुणांचे पाचपैकी तीन. प्रत्येक विषयात चार गुणांचा एक प्रश्न जास्तीचा आणि वर एक बहुपर्यायी, झाले तेरा. काठावरच्या मुलांचं बहुतेकदा ड विभागातच जातं: व्युत्पत्ती अर्धवट, गणिताला एकक नाही, आकृतीला नावं नाहीत. छायाप्रत समोर ठेवली की हे दिसतं. वर्ष वाया जाईल ही भीती दाखवली जाते, पण नीटची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये काढली आणि किती वेळा बसावं यावर बंधन नाही.

हीच मंडळी नीटचे गुणही विकतात. ‘ओएमआर (गोल भरायची उत्तरपत्रिका) कोरी सोडा, आम्ही भरतो.’ नीट घेणारी एनटीए ही संस्था प्रत्येकाला स्कॅन केलेली ओएमआर आणि नोंदवलेली उत्तरं दाखवते, त्यावर प्रश्नाला २०० रुपये भरून हरकत घेता येते. जून २०२५ मध्ये सीबीआयने सोलापूर आणि नवी मुंबईतल्या दोघांना अटक केली. आरोप होता, नीटचे गुण वाढवण्यासाठी ९० लाखांची मागणी. यात युक्ती एकच असते: दहा जणांकडून घ्यायचे, स्वतःच्या अभ्यासावर निघणाऱ्या दोघांचे ठेवायचे, ओरडणाऱ्यांना थोडे परत करायचे. २०२४ च्या सार्वजनिक परीक्षा कायद्यात संघटित गैरप्रकाराला पाच ते दहा वर्षं कैद आणि किमान एक कोटी दंड आहे.

पैसे गेलेच असतील तर पहिल्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, खातं गोठवण्याची शक्यता तेव्हाच असते. गुन्हा नोंदवून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार तक्रार पोस्टाने परिमंडळाच्या पोलिस उपायुक्तांना पाठवा, तिथेही काही झालं नाही तर १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. कलमं लिहून द्या: भारतीय न्याय संहिता ३१८(४) (फसवणूक) आणि ३३६ (बनावट दस्तऐवज). आमचे २,०३,५०० बँकेतून गेले, तेही एका व्यक्तीच्या बचत खात्यात, आणि २,३५,००० रोख. दोन लाख किंवा जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची बंदी आहे, म्हणूनच ते ८५,००० आणि १,५०,००० असे तुकड्यांत मागितले. रोख दिली असेल तर बँकेतून काढल्याची नोंद, त्या दिवसाचा कॉल लॉग आणि चॅट एकत्र जोडा. व्हॉट्सॲपचं चॅट आजच एक्सपोर्ट करून ईमेलवर ठेवा आणि फोनमधलं मूळ चॅट पुसू नका. तक्रार गेल्याचं कळताच त्यांनी त्यांच्या बाजूचे सगळे मेसेज काढून टाकले होते.