डन्जनच्या भिंतींसाठी एक्सपीएस शीट: वापरून बनलेलं मत

गच्चीवर ऊन अडवायला लाद्यांखाली जी गुलाबी नाहीतर निळी एक्सपीएस शीट टाकतात, ती घरी असेल तर डन्जनसाठी, म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या टेबलावरच्या खेळात लागणाऱ्या तळघर-गुहांच्या छोट्या प्रतिकृतीसाठी, तयार प्लास्टिकच्या टाइल्स विकत घेऊ नका. माझं मत एवढंच. पुढे जे लिहितेय ते ती वापरायची कशी आणि कुठे त्रास देते याबद्दल.

मी मूळची मखरवाली. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तोवर गणपतीच्या आधी आमच्या पंचवटीतल्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. बंदी योग्यच होती म्हणा. विसर्जनानंतर गोदेच्या पाण्यावर तरंगणारा तो चुरा कुणालाच बघवायचा नाही. तेव्हापासून थर्माकोल कापायचा, नायक्रोमच्या तापणाऱ्या तारेचा कटर माळ्यावर पडून होता. मग लेक इंजिनिअरिंगला गेला, रविवारी त्याची चौकडी डी अँड डी खेळायला आमच्याकडे बसू लागली, आणि कार्डशीटवर स्केचपेनने आखलेली ती गुहा बघून माझे हात शिवशिवायला लागले.

थर्माकोल म्हणजे फुगवलेले दाणे एकमेकांना चिकटलेले. पातं जरा बोथट झालं की दाणे उपटून येतात आणि घरभर होतात. एक्सपीएसही पॉलिस्टायरीनच, पण ते यंत्रातून सलग दाबून काढलेलं असतं, त्यात दाणा नसतो. कापलेली कड साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत येते आणि दाबलं की ठसा धरून ठेवते. शाई संपलेल्या बॉलपेनने दगडांचे सांधे कोरायचे. मग अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा चुरगाळलेला गोळा घेऊन त्यावर दाबत फिरवायचा. खाच, खड्डा, टवका सगळं आपोआप उमटतं. फक्त गोळा दर वेळी वेगळ्या बाजूने फिरवा, नाहीतर प्रत्येक दगडावर तोच खड्डा दिसतो.

जाडी २५ मिमीचीच घ्या. खेळाच्या पटावरचा एक चौकोन एक इंचाचा, म्हणजे खेळातले पाच फूट, आणि माणसासारख्या पात्राच्या छोट्या मूर्तीखालची (हिलाच मिनी म्हणतात) चकतीही साधारण २५ मिमीची. त्यामुळे कापलेला ठोकळा आडवा ठेवा, उभा ठेवा, मापात बसतो. भिंत मात्र दोन इंचांपेक्षा उंच नको. पलीकडच्याला आतलं दिसत नाही, मग सगळे खुर्च्या सोडून टेबलावर ओणवे होतात आणि चहा सांडतो.

चिकटवायला पांढरं फेविकॉल चालतं, पण दोन शीटच्या मध्ये ते लवकर वाळत नाही, कारण आतलं पाणी जायला वाटच नसते. टूथपिक टोचून रात्रभर ठेवा. रबर सोल्यूशन आणि स्प्रेचे डबे मात्र दूरच ठेवा. त्यातलं द्रावक शीट खाऊन टाकतं, डोळ्यांदेखत खड्डा पडतो. आधी फेविकॉल, काळा अ‍ॅक्रिलिक रंग आणि थोडं पाणी असं मिश्रण करून ब्रशने दोन हात द्या. वाळलं की त्याचं कवच तयार होतं, टवकेही कमी उडतात. गरम तारेने कापणार असाल तर खिडक्या उघड्या हव्यात आणि तार लाल होईपर्यंत तापवू नका. तो धूर चांगला नाही.

रंगाच्या बाबतीत माझा एक हट्ट आहे. जिथे तिथे डन्जनचा दगड निळसर करडा रंगवलेला दिसतो. आपल्याकडचा दगड तसा नाही. काळाराम मंदिराची भिंत जवळ जाऊन बघा, काळ्यात तपकिरी मिसळलेली आहे. म्हणून मी काळ्या अस्तरावर आधी गडद तपकिरी लावते. मग सपाट ब्रश करड्यात बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसते आणि नुसत्या कडांवरून फिरवते. शेवटी सांध्यांमध्ये पातळ हिरवा सोडते, पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं तसा. पोरांना हा हिरवा इतका आवडला की आता कोरडी खोली मागितली तरी शेवाळ हवंच असतं.

आता तक्रार. शीट फार हलकी. फासे जोरात पडले की भिंत आडवी होते आणि खाली गॉब्लिन राक्षसाची मिनी दबते. त्यावर उपाय म्हणजे तळाशी खाच पाडून लोखंडी वायसर बसवायचे. कोपरेही पडझडीत ठेचतात. अवशेषांच्या भिंतीला ते शोभून दिसतं, राजवाड्याला नाही.

मिनींचं थोडक्यात सांगते, कारण तो माझा प्रांत नाही, लेकाचा आहे. थ्रीडी प्रिंटरवर रेझिन या द्रव प्लास्टिकमध्ये छापून घेतलेल्या मिनी हातात आल्या की आधी चिकट लागतात का ते बघा. इथल्याच एका छापणाऱ्याकडून आलेला सांगाड्यांचा संच अर्धवट धुतलेला होता, बोटांना लागत होता. तसल्या मिनी हातमोजे घालून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पुन्हा धुवाव्या लागतात आणि अतिनील दिव्याखाली पक्क्या कराव्या लागतात. छपाईच्या वेळी लावलेल्या आधाराच्या काड्यांच्या खुणा घासायच्या त्या पॉलिश पेपर ओला करून, नाकाला मास्क लावून. आणि जुलै-ऑगस्टात प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, स्प्रे मारायला जाऊ नका. हवेतल्या दमटपणाने अंगावर पिठासारखा थर येतो, चेहरा पार बुजतो. ब्रशने लावायचा प्रायमर तेव्हा बरा.

शीट चित्रकलेच्या दुकानात शोधू नका. वॉटरप्रूफिंग आणि इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्यांकडे जा. ते गठ्ठा घ्या म्हणतात, पण कोपरा तुटलेली शीट आहे का असं विचारलं तर सुटी मिळते. आपण तिचे तुकडेच करणार असतो, कोपऱ्याचं काय एवढं. उरलेले तुकडे फेकू नका, हेही पॉलिस्टायरीनच आहे. मी ते एका गोणीत भरून ठेवते. पुढच्या रविवारी पोरांना कोसळलेला पूल हवा आहे, त्याचा सगळा राडारोडा त्यातूनच निघेल.