विमानप्रवासाची वेळ: अंतरावरून काढावी की वेळापत्रकावरून?

दोन विमानतळांमधलं अंतर हवं असेल, तर ग्रेट सर्कलच्या, म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर काढणाऱ्या कॅल्क्युलेटरला तोड नाही. त्यातलं साधं सूत्र पृथ्वी ६,३७१ किमी त्रिज्येचा गोल धरतं. खरी पृथ्वी ध्रुवांशी थोडी चपटी, म्हणून अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडतो, पण प्रवाशाचं त्यानं काही बिघडत नाही.

वेळेचं मात्र तसं नाही. अंतराला ताशी ८५० किमीच्या आसपासच्या ठरावीक वेगानं भागायचं आणि विमानाच्या आकाशात चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा, हा नेहमीचा हिशेब. लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके अंदाजे ५,५४० किमी, म्हणजे सात तास. जाताना सात आणि येतानाही सातच! मला खटकतं ते नेमकं हेच. जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि हिवाळ्यात जास्त जोरात. म्हणून वेळापत्रकात न्यूयॉर्ककडे जाताना आठ तासांच्या आसपास दिसतात आणि परतताना साधारण सात. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वारा पाठीशी असताना ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं होतं. असा वारा भागाकारात कुठून येणार?

बंद हवाई हद्दीचंही तेच. हेलसिंकी–टोकियो सरळ अंतर ७,८०० किमीच्या आसपास, म्हणजे हिशेबानं साडेनऊ-पावणेदहा तास. २०२२ पासून फिनलंडच्या फिनएअर कंपनीला रशियावरून जाता येत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात सुमारे तेरा तास लागतात.

वेळापत्रकातली वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचं टॅक्सीइंग, रांग आणि उशीर झाकण्यासाठी कंपनीनं ठेवलेला थोडा जादा वेळ असं सगळं तीत येतं. त्यामुळे प्रत्यक्ष हवेतला वेळ बराचदा अर्ध्या तासानं कमी भरतो. हा दोषच म्हणा हवं तर, पण कनेक्टिंग फ्लाइट पकडायची असेल तर गेटचीच वेळ कामाची.

वेळापत्रकात निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या-त्या ठिकाणची असते, म्हणून वजाबाकी करताना दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आणा. लंडनहून ११:०० ला निघून न्यूयॉर्कला १४:०० ला पोहोचायचं, तर घड्याळातले ३ अधिक न्यूयॉर्क मागे असलेले ५, म्हणजे आठ तास. चूक होते ती मार्चमध्ये: उन्हाळी वेळेसाठी अमेरिकेची घड्याळं दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात, युरोपची शेवटच्या. मधल्या दोन-तीन आठवड्यांत फरक चारच तासांचा असतो. वेळेपुढचं ‘+१’ही नजरेतून सुटतं, ते म्हणजे दुसऱ्या दिवसाची तारीख. शिवाय ज्या महिन्यात जायचं, त्याच महिन्याचं वेळापत्रक उघडा. उन्हाळी आणि हिवाळी वेळा एकाच मार्गावर वेगळ्या असू शकतात.

थेट विमानच नसेल, तर वेळापत्रक गप्प बसतं आणि कॅल्क्युलेटरकडे वळावं लागतं. तेव्हाही त्याच दिशेच्या, जवळपास तेवढ्याच अंतराच्या एखाद्या चालू थेट विमानाची वेळ शेजारी ठेवून पाहावी.